लोखंडी रात्रीची पांघरुणं

स्टेनबेकन, ९ एप्रिल १९७८

सिग्ने,

तुझं पत्र मिळालं. आईला पोचवून आल्यानंतर तुझं अक्षर या घरात पहिल्यांदाच आलं, त्यामुळे पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हा आधी वाटलं, कोणीतरी गेलं. गुनिलाचं लग्न ठरल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. ऑगस्टमध्ये, आणि तेही आपल्या इथल्या चर्चमध्ये! म्हणजे शहरात वाढूनही पोरीला अक्कल आहे.

आता तू जे मागितलंस त्याबद्दल. आईच्या हातचा मोठा टेबलक्लॉथ आणि तिच्या लिननच्या चादरी. आजीनं विणलेलं कापड नातीच्या लग्नाच्या टेबलावर असावं, हे तुझं म्हणणं मला समजतं. पण ते आता नाही. काय झालं ते सांगते. जानेवारीत बर्फ फार पडलं, त्यामुळे उंदीर घरात शिरले. माळ्यावरच्या निळ्या पेटीचं झाकण उजव्या बाजूला थोडं वाकलेलं आहे, तिथून आत गेले असणार. मी पेटी उघडली तर वरच्याच चादरीला घडीवर भोक. उलगडली तर भोकांची रांगच. टेबलक्लॉथचं तर विचारूच नकोस. पिल्लंही होती. गुलाबी. वास असा की दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, जानेवारीत. मग सगळं अंगणात नेऊन जाळलं. लिनन जळताना फारसा धूर होत नाही.

एवढं सविस्तर लिहिलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

पण भाचीच्या लग्नात मी हात हलवत येणार नाही. लग्नाची सगळी फुलं माझ्याकडून. चर्चमधली, टेबलांवरची, तिच्या हातातलीसुद्धा. दुकानातून आणून फुलदाणीत खोचलेली नव्हेत, मी वाढवलेली. अ‍ॅस्टर, स्वीट पी आणि तो मखमली झेंडू. आजच बिया पेरते. तू म्हणशील, आपल्या या गारठ्यात? ते माझ्यावर सोड.

तुम्ही सगळे गेस्ट हाउसमध्ये उतरणार असं लिहिलंस. तुझी मर्जी. खोल्या इथेही आहेत, पाऊस आला की फक्त एकीत बादली ठेवावी लागते.

हिल्मा


६ मे

सिग्ने,

तुझं उत्तर इतक्या लगेच येईल असं वाटलं नव्हतं. तू चिडशील म्हणून मी मनात चार खरमरीत ओळी जुळवूनही ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या. तू लिहिलंस, 'बिचारी, तुला एकटीला ते सगळं जाळावं लागलं.' ते वाचलं आणि पत्र भाकरीच्या डब्याखाली सरकवलं. अजून तिथेच आहे.

रोपांचं सांगते. घरात एकही खिडकी मोकळी नाही. अ‍ॅस्टरला चार-चार पानं आली. झेंडू तर उतावळाच आहे. स्वीट पीला तुझ्या जुन्या स्कीच्या काठ्या आधाराला दिल्यात, रागावू नकोस. सकाळी ऊन पडलं की सगळे ट्रे बाहेर पायरीवर नेते आणि संध्याकाळी परत आत आणते. हळूहळू वारा अंगी लागला पाहिजे, एकदम बाहेर टाकलं तर माना टाकतात. कंबर बोलायला लागली आहे.

शेजारचा हाल्वर रोज कॉफीला येतो. बायको गेल्यापासून स्वतःच्या घरची कॉफी त्याला गोड लागत नाही. परवा दारातच उभा राहून म्हणाला, "हिल्मा, इथे माणसं राहतात का नुसती रोपं? मी बसू कुठे?"

"उभाच राहा," म्हटलं, "उभ्या माणसाला कॉफी कमी लागते."

"आणि कोणाच्या लग्नाची तयारी म्हणायची ही? तुझ्या?"

"तू विचारलं असतंस चाळीस वर्षांपूर्वी, तर झालीही असती." त्यावर तो नेहमीसारखे चीजचे तुकडे कॉफीत बुडवत राहिला.

दुकानात सहज उंदरांचा विषय निघाला होता, तो त्याच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी तो आपलं मांजर काखेत मारून हजर. "ठेव महिनाभर. एवढी पेटी फस्त करणारे उंदीर म्हणजे काही थोडेथोडके नसणार." ते लठ्ठ मांजर आता दिवसभर चुलीपाशी झोपतं आणि माझं दूध पितं. अजून एक उंदीर धरलेला नाही. हाल्वर रोज विचारतो, "कमाल आहे, गेले कुठे सगळे?" मी म्हणते, ऊन पडलंय, शेतात गेले असतील.

तू पुन्हा त्या कापडाबद्दल हळहळू नकोस. पुढच्या पत्रात तर अजिबात नको.

हिल्मा


७ जून

सिग्ने,

फुलं वाचली. ही बातमी आधी, बाकीचं मागून.

मी रोपं महिन्याच्या सुरुवातीलाच वाफ्यात लावली. हाल्वर नको म्हणत होता. "अगं, लोखंडी रात्र अजून व्हायची आहे. दरवर्षी जूनमध्ये एका रात्रीत सगळं गोठवून जातेच ती, आणि सकाळी बघावं तर काळा पाला." मी ऐकलं नाही. खिडकीत रोपं लांबडी आणि फिकी व्हायला लागली होती, आणि बाहेर बर्च कसा हिरवागार! शिवाय हाल्वर सांगतो म्हणून काही करायचं, ही सवय मला नाही.

परवा दुपारी रेडिओवर सांगितलं, आतल्या दऱ्यांमध्ये कडक गोठण. आकाश निरभ्र होतं, वाराही पडला. मी जमिनीला भरपूर पाणी दिलं, म्हणजे ती दिवसाची ऊब धरून ठेवते. वाफ्यांवर जुनिपरच्या फांद्या वाकवून कमानी केल्या, म्हणजे पांघरूण पानांना टेकत नाही. टेकलं की तिथेच पान जळतं, हे तुला माहीत आहे. मग पांघरलं. पोती, वर्तमानपत्रं, बैठकीच्या खोलीचे पडदे, हाल्वरचा जुना कोट. सगळ्यांना पुरलं. व्यवस्थित पुरलं.

सकाळी बादलीत बोटभर बर्फ होता. खाली रोपं मात्र टवटवीत.

हाल्वरनं फोटो काढला, तो स्थानिक वर्तमानपत्राला गावची बातमी पाठवतो ना. पण रोल खराब निघाला. तेव्हा छापून काही येणार नाही.

गुनिलाला सांग, फुलांची काळजी करू नकोस.

हिल्मा


१६ जून

सिग्ने,

तुझं पार्सल काल आलं.

दोन नव्या चादरी, आणि कोपऱ्यात लाल टाक्यांनी माझं आद्याक्षर. सोबत तुझी चिठ्ठी: 'उंदरांनी तुझंही अंथरूण नेलं असेल, यावर झोप. फुलांसाठी एवढे कष्ट घेतेस, मी कशी फेडू?'

मी त्या चादरी खुर्चीवर ठेवल्या आणि त्यांच्यासमोर बसले. जेवले नाही. मांजर येऊन त्यांच्यावर चढायला लागलं, तर त्याला असं हाकललं की ते अजून परत आलेलं नाही. आता लिहिते, कारण हे लिहिल्याशिवाय त्या खुर्चीवर बसता येणार नाही आणि घरात बरी अशी खुर्ची तीच एक आहे.

उंदीर नव्हते, सिग्ने. एकही नव्हता. जाळलंही काही नाही. आईचं सगळं लिनन निळ्या पेटीत जसंच्या तसं होतं आणि मी तुला ती गुलाबी पिल्लं इथे टेबलाशी बसून, कॉफी पीत पीत रचून लिहिली. रचताना मजाही वाटली. हे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या दिवशी पांघरुणं पुरली नाहीत. पोती संपली, वर्तमानपत्रं संपली, पडदे काढले. हाल्वरचा कोटही झाला. आणि अ‍ॅस्टरचे वाफे उघडेच. गुनिलाच्या हातात द्यायचे पांढरे अ‍ॅस्टर त्यातच होते. खरं सांगू, ही फुलं मी प्रेमानं कबूल केली नव्हती. खोटं लिहून झाल्यावर हात रिकामा वाटला म्हणून फुलं देऊ केली. पण बी रुजतं तेव्हा ते कशासाठी पेरलं होतं हे विचारत नाही. दोन महिने त्यांना आत-बाहेर करून माझा जीव त्यांच्यात अडकला होता. ती काळी पडलेली मला बघवली नसती. मी माळ्यावर गेले.

पहिली चादर काढताना वाटलं, एकच घेईन. मग एकेक करत सगळ्याच खाली आणल्या आणि शेवटी टेबलक्लॉथही. त्या एका कापडानं दोन वाफे झाकले, कडांना दगड ठेवले. आणि आता हाताची सवय बघ. आईनं आपल्याला शिकवलं होतं ना, चादर असो की टेबलक्लॉथ, आद्याक्षरांचा कोपरा वर आणि दाराकडे. मी घाईघाईत, मातीत गुडघे टेकून, सगळ्या चादरी तशाच घातल्या. आईची लाल अक्षरं आणि त्याखाली तिनं प्रत्येक चादरीला घातलेला नंबर, सगळं वर, रस्त्याकडे तोंड करून. उलट घातल्या असत्या तर नुसतं पांढरं कापड दिसलं असतं.

ठरवलं होतं, हाल्वर उठायच्या आत गोळा करायचं. सूर्य वर आला तेव्हा बाहेर गेले, तर सगळं लिनन पत्र्यासारखं कडक गोठलेलं. गोठलेलं लिनन दुमडलं की धागा मोडतो, हेही आईचंच. म्हणजे वितळेपर्यंत हात लावायचा नाही. मी पायरीवर बसून वाट बघत राहिले आणि फाटकातून हाल्वर आला, गळ्यात कॅमेरा.

त्यानं वाफ्यांभोवती चक्कर मारली, कोपऱ्याशी वाकून नंबर वाचले. मग म्हणाला, "चांगले उंदीर आहेत गं तुझ्याकडे. खाल्लेलं परत आणून देतात, आणि घडीही मोडत नाहीत."

"हाल्वर, घरी जा."

"सिग्नेला काय लिहिलंस?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण मांजर माझं आहे. महिनाभर ते बिचारं नापास होत होतं."

त्यानं फोटो मात्र काढला होता, मी 'जा' म्हणायच्या आधीच. मला वाटलं आता छापून येईल, तू अजूनही इथलं वर्तमानपत्र मागवतेस, आणि तुला अक्षरं दिसतील. मी त्याच्यासमोर रडले. आईच्या वेळीही गावासमोर रडले नव्हते. त्यानं कॅमेऱ्यातून रोल काढला आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकला. "मी काही सांगणार नाही," म्हणाला. "पण तू सांगितलं नाहीस तर मी कॉफीला येणार नाही." आणि खरंच आलेला नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी तुला ते पत्र लिहिलं, पडदे आणि पोती आणि खराब रोल. धोका टळला होता, मग खोटं बोलायची गरजही नव्हती. तरी बोलले. एकदा तोंड वाकडं झालं की सरळ बोलणंही वाकडंच येतं.

का केलं हे विचारशील. अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "घर तर तू घेतलंसच." ते मला लागलं. मी आईला धुतलं-पुसलं, भरवलं, रात्री उठवलं आणि हातात आलं काय, गळकं छप्पर. तू वर्षातून एकदा यायचीस, केक घेऊन, आणि आई तुझ्या केकची गोष्ट ख्रिसमसपर्यंत सांगायची. तेव्हा वाटलं, हे कापड तरी माझं. आईनं स्वतः पेरलेल्या जवसाच्या, तिनंच कातलेल्या सुताचं, ते तिच्या हाताचंच.

पण आई शेवटी मला म्हणाली होती, "अर्धं सिग्नेला दे." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावत आले. बाई मरताना समोरच्याच्या मानेकडेच बघते, दुसरं काय बघणार?

रोल यात घातला आहे. धुऊन घे म्हणजे पुरावा होईल. टेबलक्लॉथला दगडांचे डाग पडलेत, एका चादरीवरून रात्री हरीण गेलं असावं, खुराचं छिद्र आहे. पेटीत नीट राहिलं असतं ते मी माझ्या खोटेपणानं मातीत घातलं.

तू लग्नाला मला बोलावू नयेस, हे मला समजेल. फुलं बसनं पाठवीन.

हिल्मा


२८ जून

सिग्ने,

तुझं पत्र मिडसमरचा सण संपल्यावर आलं. हातात घेऊन फाटकापाशी उभी राहिले, आत यायचा धीर होईना. शेवटी तिथेच उघडलं.

तू लिहितेस, 'मला एप्रिलमध्येच माहीत होतं. ईस्टरला गुनिला स्कीइंगला आली, तुझ्याकडे राहिली, तेव्हा तूच तिला पेटी उघडून दाखवलीस. तिनं परत येऊन मला सगळं वर्णन करून सांगितलं, म्हणून तर मी मागितलं. आणि तू लिहितेस उंदीर जानेवारीत आले.'

मी विसरले होते, सिग्ने. मीच दाखवलं होतं! पोरीनं टेबलक्लॉथवर हात फिरवला आणि म्हणाली, "मावशी, किती गार लागतं गं हे." आणि मला इतका अभिमान वाटला होता की दोन आठवड्यांत मी तेच कापड जाळूनही टाकलं. चोर माझ्यासारखा असावा, चोरी करायच्या आधी पंचनामा करून देणारा.

म्हणजे 'बिचारी, तुला एकटीला जाळावं लागलं' हे तू सगळं ठाऊक असताना लिहिलंस. आणि माझ्या फुलांचे आभार मानलेस, मांजराची गोष्ट वाचून हसलीस. मी दोन महिने तुझ्यासमोर उघडी उभी होते आणि मला वाटत होतं, मी अंगभर पांघरून आहे.

पुढचं तुझंच वाक्य उतरवते, कारण ते मी रोज वाचते: 'मला कापड नको होतं. तुझ्या तोंडून एकदा "घे" ऐकायचं होतं. पार्सलच्या चादरी मी रागानं घेतल्या, तुला टोचावं म्हणूनच. पण टाके घालायला बसले आणि बोटं आईनं शिकवल्यासारखी चालायला लागली, मग रागाला जागा राहिली नाही. आणि घराबद्दल जे बोलले ते मी त्याच दिवशी स्टेशनवर जाताना गिळायला बघत होते. नाही गिळता आलं.'

टोचलं, सिग्ने. तू चांगलंच टोचलंस. मी त्या चादरींवर झोपते आहे.

हाल्वरला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुमच्या आईच्या पोटी दोन्ही नगच," आणि दोन कप कॉफी प्यायला. मांजर न्यायचं विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं.

अ‍ॅस्टरला कळ्या धरायला लागल्यात. पांढरे वेळेवर फुलतील असं दिसतंय.

लिनन धुतलं. दगडांचे डाग निघाले नाहीत, खुराचं छिद्र रफू केलं. पण अजून कपाटात ठेवलेलं नाही, कारण ते ताणून मँगलच्या लाकडी रुळांतून दाबून काढलेलं नाही. काल प्रयत्न केला. टेबलक्लॉथ ओलसर करून एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं ओढलं, तर कापड तिरकं झालं आणि कडी निघून आली. हाल्वर म्हणाला, "दे मी धरतो." मी नको म्हटलं. आई आणि मी धरायचो, त्याआधी तू आणि मी. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, मागे झुकायचं आणि एकदमच हिसका द्यायचा. एकीनं आधी ओढलं तर दुसरी तोंडावर पडते. आणि ताल धरायचा तर समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागतं, कापडाकडे बघून जमत नाही.

मला त्याचीच धास्ती आहे. पत्रात सगळं लिहिता आलं, कागदाला डोळे नसतात. तुझ्याकडे मान वर करून बघायची लाज वाटते, सिग्ने, इतकी की तू लग्नाच्याच दिवशी परस्पर चर्चमध्ये भेटलीस तर बरं, असं मनात येतं. गर्दीत नजर चुकवता येते.

म्हणून लिहिते, तशी येऊ नकोस. आधी ये. गेस्ट हाउस रद्द कर. बादलीच्या खोलीत मी झोपेन.

घे, सगळं घे, अर्धं नाही. पण आधी घरी येऊन त्याचं दुसरं टोक धर.

हिल्मा